राखून ठेवलेलं प्रकरण

परदेशातल्या आमच्या मरीन परेड भागातल्या लायब्ररीतून लेकीने आणलेली कादंबरी उघडली आणि जुन्या कागदाच्या वासाबरोबर बाबा आठवले. ते जहाजावर इंजिनियर होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रानात एकट्या पडलेल्या मुलाची हीच गोष्ट ते मराठीत उतरवून, दर पत्रात एक प्रकरण, मला पाठवायचे. शेवटचं मात्र त्यांनी सुट्टीत समोर बसून वाचायला राखून ठेवलं होतं.

सुट्टीवर आल्यावर ते त्या प्रकरणाची वही घेऊन बसले, तेव्हा मित्र खाली क्रिकेटसाठी हाका मारत होते. "मी इंग्रजीतून कधीच वाचलंय," मी ठोकून दिलं.

"अरे वा, हुशार झालास की!" म्हणत बाबांनी वही मिटली. पुन्हा कधी उघडली नाही.

"एंडिंग सांगू नकोस, लाह!" माझ्या हातात पुस्तक बघून लेक आता इथल्या बोलीच्या ढंगात ओरडली.

मला ते आजही माहीत नाही.