पूंदिकोट्टैला जाणारी बस

खोक्यावर हिरवं पान छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, इतक्या वर्षांनी तरी सोडा तो राग. का सोडू? चांगला पोसलेला राग आहे.

आम्ही तेव्हा चेन्नईत नवेच होतो. नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. मुलगी दुसरीत होती. शाळेचा पांढरा शर्ट अंगात गेला की तिच्या मानेभोवती लाल चट्टे उठायचे आणि ती खाजवून खाजवून रक्त काढायची. सकाळी शर्ट पुढे धरला की पोर भिंतीला पाठ लावून उभी राहायची, दोन्ही हात कॉलरच्या जागी घट्ट. ते बघवत नसे.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धुण्याची पावडर बदला. तिच्यातला वास आणि कपडे चमकवणारं रसायन हिला सोसत नाही. जखमा चिघळल्या तर गोळ्या द्याव्या लागतील, आणि या वयात मला त्या द्यायच्या नाहीत."

एवढंच ना! मी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासणारा माणूस. केसभर फरक दिसला तर अख्खी खेप परत पाठवायचो. मला पावडर निवडता येणार नाही?

पहिलं खोकं आणलं त्यावर हिरवं पान होतं. दुकानदार म्हणाला, "फुल नॅचुरल, सार."

"कशावरून?"

"पान बघा ना, सार!"

त्या पावडरीला लिंबाचा असा वास की जिन्यात पाय ठेवताच शिंक यावी. चट्टे तसेच. दुसऱ्या खोक्यावर पान आणि दवाचा थेंब. चट्टे वाढले. तिसऱ्यावर पान, थेंब आणि खदखदून हसणारं बाळ. आमचं बाळ रडत होतं. मी चष्मा लावून खोक्याची मागची बाजू वाचली: 'स्वच्छ करणारे घटक, सुगंध व इतर.' व इतर! उद्या कोणी मला 'ब्रेक: लोखंड व इतर' असं लिहून माल पाठवला असता, तर मी त्याला फाटकातून आत घेतला असता का?

"त्या पानालाच विचारा," बायको मुलीच्या मानेला खोबरेल लावत म्हणाली, "त्याला खाज सुटते का ते."

खाली घरमालकीणबाई राहायच्या. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांचं मराठी आपल्यापेक्षा कितीतरी जुनं, पण वाक्याची शेपटी तमिळसारखी वर उचललेली. त्या वर्षी पाणी टँकरने यायचं, त्यामुळे आमच्या धुण्याचं पाणी अक्कांच्या मागच्या कढीपत्त्याला जायचं.

एका सकाळी त्यांनी खालूनच हाक मारली. "तंबी! काय रे घालतोस पाण्यात? माझं झाड पिवळं पडलं की!"

"अक्का, ही पावडर झाडांना चालते. खोक्यावर पान आहे."

"खोक्यावर आहे. झाडावर राहिलं नाही."

मी खाली गेलो आणि मुलीच्या मानेचं सगळं सांगितलं. अक्का गंभीर झाल्या. "लेकराला हे सोसायला लावतोस? टाकून दे ते. पूंदिकोट्टै आण. आमच्या घरची पट्टूची, रेशमी लुगडी जन्मभर त्यातच धुतली."

मी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीला मी नेहमीच फार रुबाबात मान डोलावतो. आणि न कळायला काय झालं होतं? मी रोज जायचो इरुंगाट्टुकोट्टैला. तमिळमध्ये कोट्टै म्हणजे किल्ला, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे पूंदिकोट्टै हे गाव. तिथे चांगला साबण होत असणार. आपल्याकडे नाही का, पेढे साताऱ्याचे आणि चादरी सोलापूरच्या?

रविवारी दोन मोठ्या पिशव्या घेऊन मी कोयंबेडूच्या बसस्थानकावर हजर. चौकशीच्या खिडकीत माझ्या खास तमिळमध्ये विचारलं, "पूंदिकोट्टैची बस कुठे लागते?"

आतल्या गृहस्थांनी मला पुन्हा विचारायला लावलं. मग शेजाऱ्याला बोलावून तिसऱ्यांदा. मग अतिशय अदबीने म्हणाले, "तिथं माणसं जात नाहीत, सार. तिथं साड्या जातात." आणि दोघंही टेबलावर डोकं ठेवून हसले.

रिकाम्या पिशव्या घेऊन, उन्हात शिजून घरी आलो तर अक्का दारातच. "अक्का, तुमच्या पूंदिकोट्टैला बसच जात नाही!"

अक्कांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिशव्यांकडे. मग त्या खांबाला धरून खाली बसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अरे वेड्या, ओ लांबवला की किल्ला. आखूड केला की बी! को-ट्टै. कोट्टै. ऐकलंस?"

मला दोन्ही एकच ऐकू आले. आजही येतात.

त्या आत जाऊन एक डबा घेऊन आल्या आणि माझ्या तळहातावर काही तपकिरी, सुरकुतलेली फळं ठेवली.

"रिठे!" मी ओरडलो. "अहो, हे तर रिठे! माझी आई यात शाली धुवायची! हे आधी मराठीत सांगायला काय झालं होतं?"

"मराठीतच सांगितलं," अक्का थंडपणे म्हणाल्या. "आमच्या घरात मराठीत ह्याला पूंदिकोट्टैच म्हणतात. रिठे ही तुमची भाषा."

जडीबुटीच्या दुकानातून पिशवीभर रिठे आणले. बिया काढायच्या, सालं भिजत घालायची, उकळायची, गाळायची. तुमच्या त्या 'दोन मिनिटांत शुभ्र'वाल्यांनी करून दाखवावं! फेस बेताचा. टँकरने येणाऱ्या बोअरच्या जड पाण्यात मोज्यांवरचा मळ जागचा हलेना. शर्ट पांढरा म्हणून धुवायला गेला आणि चहात बुडवल्यासारखा परत आला. मी रिठ्यांवरही चिडलो. बायको मात्र शर्ट पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढत राहिली. टँकरचं पाणी असूनही.

चट्टे एकदम गेले नाहीत. आधी रक्त थांबलं, मग लाली उतरली. आणि एका सकाळी इडली खाता खाता मुलीचा हात मानेकडे गेला. बायकोचा डाव तसाच हवेत राहिला.

तिने कॉलर सरळ केली आणि आणखी चटणी मागितली.

"शर्ट टोचतोय का गं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण बाबा, हा किती मळका दिसतो! तुम्हाला जरा चांगली पावडर आणता येत नाही का?"