चौथीच्या पडद्यावरचा माग

खटक्-खट, खटक्-खट. तरुणपणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या मागावर होतो, तेव्हाचा हा आवाज. तिथं कापसाचे तंतू उडून छताला चिकटायचे. कुणी चिकटवत नसे, थर आपोआप साचायचा. पुढं शाळेत शिपाई झालो, तिथं किस्से तसेच साचले. मी स्वतः चौथी शिकलेला, म्हणून चौथीच्या वर्गातलेच जास्त! निवृत्त झालो तरी रोज जातो.

*

चौथीच्या शेख मॅडम नेटवर स्वतः धडे बनवू लागल्या. मोठ्या पडद्यावर प्रश्न यायचा, पोरांनी उत्तरावर बोट ठेवायचं. बरोबर आलं की टाळ्यांचा कडकडाट!

पहिल्याच दिवशी हेडमास्तर धावत आले. "कुणाचा सत्कार चाललाय?"

"सातच्या पाढ्याचा, सर!"

सरांनी स्वतः 'सात आठे'चं उत्तर दाबलं, टाळ्या घेतल्या, मगच गेले.

*

मग 'कापड कसं विणतात' हा धडा आला. मॅडमनी मागाचा आवाज नेटवरून उतरवला होता. मी दारातूनच म्हणालो, "मॅडम, हा माग आजारी हाय. ह्याचा पट्टा सैल हाय."

"मग मामा, धडधाकट माग दाखवा की!"

*

धडधाकट माग विणकर नरसय्यांच्या घरी होते. त्यांची मुलगी लक्ष्मी चौथीतच. घरात तेलुगू बोलायची, पण शाळेत चार वर्षांत तिनं तोंड उघडलं नव्हतं. नरसय्या वैतागले होते. "गप बसायला शाळा कशाला? घरी टॉवेलला शिलाई तरी मारील," म्हणत तिचा शाळेतून दाखला काढायला निघाले होते. मॅडमच्या जिवाला तोच घोर.

मॅडम आणि मी गेलो तेव्हा नरसय्या सूत आणायला बाहेर पडले होते. मॅडमनी आवाज उतरवायला फोन मागाजवळ धरला, आणि त्या खडखडाटावर लक्ष्मी ओरडली, "मॅडम, हात मागं! धोटा उडून लागंल की!"

चार वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही मॅडमलाच दम!

मॅडमनी फोन तिच्या हातात दिला. "मग तूच सांग सगळं."

*

धड्याच्या सुरुवातीचा नमस्कार मात्र माझ्या आवाजात. पोरं म्हणाली, "मामा, तुमी लई दमानं बोलता!" आणि त्यांनी वेग दीडपट केला. जन्मात पहिल्यांदा मी घाईत होतो!

माढ्याच्या एका शाळेनंही तो धडा लावला. तिथल्या बाईंनी फोनवर विचारलं, "हे आजोबा रेडिओवर होते का?"

"घंटेवर होते!" मॅडम म्हणाल्या.

*

आणि एके दिवशी नरसय्या दाखल्याचा अर्ज घेऊन आलेच. हेडमास्तर यायचे होते. पोरं मैदानात होती. मी नरसय्यांना चौथीच्या वर्गात बसवलं. पडद्यावर त्यांचाच माग होता. अर्ज टेबलावर ठेवून ते बघत राहिले.

"धोट्यावर बोट ठिवा की," मी म्हणालो.

त्यांनी ठेवलं. मागाच्या खडखडाटावर लक्ष्मीचा आवाज आला, खणखणीत.

"हा धोटा. ह्याच्या पोटात सुताची कांडी असते. हा दिवसभर इकडून तिकडं पळतो. हा थांबला की आमचे नान्ना, म्हणजे बाबा, झोपेतनंपण उठतात!"

नरसय्यांनी पुन्हा धोट्यावर बोट ठेवलं. मग तिसऱ्यांदा.

मग टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि माझ्याकडे न बघता वर्गातून निघून गेले.