गुडघा राहिला

विमानात बसले तेव्हाही माझ्या कानामागे मेकअपचा रंग थोडा उरला होता. दुपारचा प्रयोग संपवून मी नाट्यगृहातून थेट विमानतळ गाठला होता. घाईघाईत क्रीम चोपडून चेहरा पुसला, कानामागचं राहून गेलं. आईनं विमानतळाच्या दारातच पदराचं टोक ओलं करून तिथं खसाखसा घासलं आणि म्हणाली, "घर सोडताना तोंड स्वच्छ धुऊन निघावं गं." माझा नवरा समीर आधीच सिंगापूरला नोकरीवर रुजू झाला होता. कडेवर तीन वर्षांची सई झोपली होती. मला रडू आलं नाही. पहिल्या अंकात रडून झालं होतं म्हणून असेल.

ही २०११ची गोष्ट. तुम्ही तिकडे राहिलेले अजून फोनवर विचारता, करमतं का तिथे? माझ्यासारखे इथे आलेले कुणी हे विचारत नाहीत. त्यांना ठाऊक आहे की करमण्या-न करमण्याचा प्रश्न पहिल्या वर्षात संपतो. मग नुसते दिवस जातात.

माझी कारकीर्द थोडक्यात सांगण्याएवढीच. कॉलेजात एकांकिका, मग प्रायोगिक नाटकं, एका सिनेमात नायकाची बहीण, मग एका मालिकेत दुष्ट जाऊ. तिच्यामुळे भाजीवाल्या मला मुद्दाम चढा भाव सांगत. आणि शेवटी ते नाटक, ज्यात मी मुख्य भूमिकेत होते. दुसऱ्या अंकात नवरा सांगतो की राहतं घर विकलं. बायको काही बोलत नाही. दिग्दर्शकानं मला तिथं ताठ उभं राहायला सांगितलं होतं. पण सांगलीच्या दौऱ्यात बसमधून उतरताना माझा उजवा गुडघा असा आपटला, की त्या प्रवेशात उभं राहवेना. मी गुडघ्यावरून दोनदा हात फिरवला आणि मागच्या लोखंडी ट्रंकेवर बसले. थिएटर चिडीचूप झालं. दिग्दर्शक नंतर आत येऊन म्हणाला, आता हेच ठेव. पुढे कितीतरी महिने गुडघा खरोखरच दुखत होता, त्यामुळे ठेवायला काही कष्ट पडले नाहीत.

मी निघाले तेव्हा माझ्या जागी केतकी आली. आमच्याकडे रिप्लेसमेंटचा एक नियम असतो: नवीन नटीनं जागा हलवायच्या नाहीत. ती कुठे वळते, कुठे थांबते, यावर बाकीच्यांच्या हालचाली बसलेल्या असतात. केतकीनं माझ्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पाहून सगळं जसंच्या तसं उचललं. आमचे निर्माते अण्णा मला म्हणाले, "भूमिका तुझी आहे. ती नुसती सांभाळतेय. येशील तेव्हा तुझी तू घे."

हे वाक्य मी बॅगेत घालून आणलं म्हटलं तरी चालेल. सिंगापूरच्या पुंगोल भागात बाराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, खाली खाडीचं पाणी, समोर एलआरटी या छोट्या रेल्वेचं स्टेशन. ती गाडी गोल फिरून पुन्हा तिथेच आणून सोडते. सईला शाळेत पोचवलं की मी उगाच एक फेरी मारायची आणि मनातल्या मनात दुसरा अंक म्हणायची. पुढे कामाची परवानगी मिळाली आणि बुओना व्हिस्टा स्टेशनच्या पुढे एका वैद्यकीय महाविद्यालयात मला पेशंटचं काम लागलं. म्हणजे खोटा पेशंट. विद्यार्थी डॉक्टर तपासायला शिकतात, तेव्हा समोर कण्हणारं कुणीतरी लागतं. तरुण मुलंमुली अदबीनं विचारत, कुठे दुखतंय? कधीपासून? मी कधी पोट धरायची, कधी पाठ. चांगलं जमायचं. खरं तर तोवर मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. आईचं ऑपरेशन झालं, तेही मी फोनवर नीट ऐकून घेतलं, तिला धीर दिला आणि कुकर लावला.

सहा वर्षांनी इथल्या मराठी मंडळानं ते नाटक बोलावलं. अण्णांचा फोन आला. तिथला प्रयोग तूच कर, म्हणाले, केतकी मागे प्रॉम्प्टिंगला उभी राहील, मी बोललोय तिच्याशी. मी लगेच हो म्हटलं. भूमिका माझी आहे या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली होती. ती खरी की खोटी, हे त्या दिवशी कळणार होतं.

दुपारी रिकाम्या सभागृहात तालीम झाली. एक शब्द चुकला नाही. अण्णा पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. दुसरा अंक आला, नवऱ्यानं घर विकल्याचं सांगितलं आणि मी मागे जाऊन ट्रंकेवर बसले. विंगेतून केतकीनं हलकेच आठवण केली, "ताई, गुडघा राहिला."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं तिथूनच करून दाखवलं: उजव्या गुडघ्यावरून दोनदा हात, थोडं वाकून, मग बसणं. अगदी माझ्यासारखं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी खोड मी जिवंत असताना दुसरीकडे राहायला गेली होती. तिला तो अभिनय वाटत होता. तिचा गुडघा धडधाकट आहे. तसा आता माझाही.

मी पुन्हा करून पाहिलं. हात फिरला, पण तो पेशंटचा हात होता, महाविद्यालयातला. अण्णांनी मान डोलवली. त्यांना फरक कळला नाही. केतकीला कळला, कारण तिनं नजर खाली घातली.

चहाच्या वेळी मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "संध्याकाळी तूच उभी राहा." ती नको नको म्हणाली. मग मी नाटकातल्या साडीचा पदर पिना काढून तिच्या हातात दिला, तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला. सांगली, बस, यातलं मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचा हात अडखळला असता.

संध्याकाळी मी प्रेक्षकांत बसले, शेजारी समीर आणि सई. सई आता नऊ वर्षांची. तिला मराठी कळतं, पण बोलते इथल्या, शेवटी 'ला' लावायच्या इंग्रजीत. ट्रंकेचा प्रवेश आला. केतकी वाकली, गुडघ्यावरून दोनदा हात फिरवला आणि बसली. मुंबई-पुण्याहून आलेली, नोकरीच्या परवान्यावर इथे राहणारी ती सगळी माणसं चिडीचूप झाली. समोर एक घर विकलं गेलं होतं. सई कुजबुजली, "आई, दॅट आंटी सिट लाइक यू, ला."

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला पुंगोलचा फ्लॅट आठवत नाही, आईचं स्वयंपाकघरही नाही. ती ट्रंक आठवते. तिच्यावर दुसरी बाई बसते आणि छान बसते. मला तिथे जागा नाही, आणि माझ्यावाचून तिथं काही अडत नाही. हे कळल्यावर फार काही होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

फक्त माझा हात आपोआप माझ्या उजव्या गुडघ्यावर गेला होता. सईनं तो पाहिला. काळजीनं माझ्याकडे वळली आणि चक्क मराठीत विचारलं, "आई, दुखतंय?"

मी चाचपून पाहिलं. नाही म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दुखत नाही याचं वाईट वाटलं.