निकेलकाकांची बडबड

निकेलकाका म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस. निकेलची पूड करण्यात हयात गेली, म्हणून हे नाव. वापरलेल्या तेलात ही पूड घालून, हायड्रोजन सोडून तापवलं की त्याचं कमी धुराचं इंधन होतं. पूड स्वतः न झिजता तेलाला कामाला लावते. काका मात्र बोलून बोलून दुसऱ्याचं काम बंद पाडतात, असं प्रयोगशाळेत म्हणत.

निवृत्ती तोंडावर आली तेव्हा त्यांनी ही पूड आपल्या विद्यार्थिनीला शिकवायला घेतली. पोरगी हुशार, पण अबोल. काकांचा तिच्यावर भारी जीव. तिला पूड जमली तरच तिचा प्रबंध पुरा होणार आणि काकांचं काम त्यांच्यामागे टिकणार. आपल्या बडबडीचा तिला त्रास नको म्हणून काका चक्क शेजारच्या खोलीत जाऊन गप्प बसू लागले. "बरंबिरं नाही का तुम्हाला?" घरीही ते गप्प दिसल्यावर बायकोने विचारलं.

आणि पोरीची पूड काही केल्या जमेना. निकेलच्या हिरव्या द्रावणात सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडायचं, गाळायचं, भाजायचं. सगळं काकांनी सांगितलं तसंच. तरी तेल काळं ते काळंच. तिचा उतरलेला चेहरा काकांना बघवेना.

"बस, मीच करून दाखवतो," म्हणत त्यांनी सोड्याच्या पाण्याची तोटीवाली नळी धरली. हात चालू झाल्यावर तोंड थोडंच बंद राहणार? काकांच्या लग्नातून पळालेल्या फोटोग्राफरची गोष्ट सुरू झाली.

"काका, तुम्ही तोटी बंद केलीत."

"अगं, फोटोग्राफर सापडायचा होता ना."

"मघाशीही केलीत. गोष्ट रंगली की करता."

काका नळीकडे बघतच राहिले. थेंब थांबत, त्या उसंतीत कण सावकाश, बारीक बसत, म्हणून त्यांची पूड जमे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांनाच ठाऊक नव्हतं. गप्प बसून आपणच पोरीचं नुकसान केलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी नळी तिच्या हातात. "काका, सांगा गोष्ट."

"छे. हात तुझा, तर गोष्टही तुझीच."

ती अडखळत बोलू लागली. वडील ट्रक चालवायचे. धूर छातीत बसला. भिंतीपलीकडचा त्यांचा खोकला ऐकतच तिने अभ्यास केला. बोलता बोलता तिने तोटी बंद केली आणि डोळे पुसले. काका खुर्ची पुढे ओढून ऐकत राहिले.

त्या पुडीने तेल नितळ झालं. काकांनी बाटली तिच्या हातात दिली. "आधी वडिलांना दाखव. मग ये, मला पुढचं ऐकायचंय."