मुठीतली नळी

खरात मॅडम माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघत. आधी त्याच्या हातांकडे. पीएच.डी.च्या मार्गदर्शनासाठी सांगलीच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी त्यांना प्रथम भेटलो, तेव्हा माझ्या गुणपत्रिकांची फाइल त्यांनी उघडलीही नाही. एका परीक्षानळीतले पाणी दुसरीत ओतायला सांगितले. मी वडूजच्या शाळेत एकोणीस वर्षे विज्ञान शिकवलेला माणूस. "आता आपण द्रव काचेच्या कडेने सावकाश सोडत आहोत," असे म्हणतच मी पाणी ओतले.

"सर, इथं वर्ग न्हाई," मॅडम म्हणाल्या. "कुणाला सांगताय?" आणि त्यांनी मला घेतले.

मॅडम मूळच्या आटपाडीच्या. व्याख्यान स्वच्छ इंग्रजीत देत. प्रयोगशाळेत आल्या की बोली गावाकडची होई. त्यांचा विषय कोणालाही समजावा अशा रीतीने सांगण्याची त्यांची एक पद्धत होती. औषधाचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, रक्तात सोडले की शरीरातल्या भक्षक पेशी त्यांना परके समजून गिळून टाकतात. औषध रोगाच्या जागी पोचतच नाही. म्हणून रोगप्रतिकारक पेशीचेच पातळ आवरण काढून त्या कणावर चढवायचे. मॅडम म्हणत, "गावात अनोळखी माणूस शिरला की कुत्री भुकत्यात. तोच आपल्या माणसाबरोबर आला की शेपूट हलिवत्यात. आपला कण म्हंजी पाव्हणा. त्याला घरच्याचं कापड घालून धाडायचं." त्यामुळे सकाळी प्रयोगशाळेत शिरताच त्यांचा पहिला प्रश्न असे, "पाव्हणा पोचला का?"

माझा पाव्हणा पोचत नव्हता. कृती मला पाठ होती. पेशी सौम्य क्षारद्रावणात फुगवून फोडायच्या, आतला ऐवज टाकून आवरण वेगळे करायचे, मग आवरण आणि कण एकत्र करून अतिबारीक छिद्रांच्या चाळणीतून दाबून काढायचे. कणांचा आकार बरोबर येई, विद्युतभारही बरोबर येई; परंतु भक्षक पेशींच्या वाटीत टाकले की त्या माझे कण उघड्या कणांइतक्याच आवडीने खात. पाच वेळा असे झाले. सहाव्या वेळी मात्र बहुतेक कण न गिळता राहिले. माझी अध्ययन रजा संपायला दोन महिने उरले होते. सहावा निकाल घेऊन मी मॅडमकडे गेलो आणि आधीचे पाच सरावाचे समजावेत, असे सुचवले.

"सरावाचं कुणी ठरिवलं? निकाल बघून तुमी ठरिवलं," मॅडम म्हणाल्या. "सहाव्या दिवशी येगळं काय केलं, त्ये सांगा."

"काहीच नाही, मॅडम. त्या दिवशी घसा बसला होता, म्हणून लवकर आटोपलं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मॅडम स्टूल घेऊन माझ्या बाकाशेजारी बसल्या आणि काम चालू ठेवायला सांगितले. एम.फार्म.च्या दोन मुली नेहमीप्रमाणे बघायला आल्या. मी बर्फातून नळी उचलली आणि पेशी फोडल्यानंतर काय घडते ते त्यांना समजावू लागलो. त्यातली एक हळूच म्हणाली, "सर, हजेरी तेवढी घ्यायची राहिली बघा." मी हसलो आणि पुढचा मुद्दा घेतला.

"आवं सर," मॅडम म्हणाल्या, "अकरा मिनिटं झाली. नळी कुठं हाय?"

नळी माझ्या मुठीत होती. वर्गात खडू धरावा तशी मी ती धरली होती.

पेशी फुटली की तिच्याच आतली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, आवरणावरची प्रथिने कुरतडू लागतात. त्यांना थोपवणारे रसायन आम्ही घालत असूच. पण मुठीच्या उबेपुढे ते पुरत नव्हते. ज्या प्रथिनांमुळे कण घरचा वाटायचा, तीच मी शिकवता शिकवता घालवत होतो. घसा बसला त्या दिवशी नळी बर्फातच राहिली होती.

"सापडलं," मी म्हणालो.

"मनात आलं म्हंजी खरं न्हवं. एकाच आवरणाच्या दोन नळ्या करा. एक मुठीत, एक बर्फात."

तसे केले; मुठीतल्या नळीचे कण गिळले गेले, बर्फातल्या नळीचे बहुतेक राहिले. त्यात आणि सर्व प्रयोग नव्याने उभे करण्यात रजा संपली. मी शाळेत रुजू झालो आणि पुढचे दीड वर्ष दर रविवारी वडूजहून पहिल्या एस.टी.ने सांगलीला येत राहिलो. रविवारी बर्फाचे यंत्र बंद असे. मॅडम रसवंतीवाल्याकडून बर्फ घेऊन माझ्या आधी येऊन बसलेल्या असत. मी त्याबद्दल आभार मानले, तर म्हणत, "बोलू नका, बरफ इतळंल."

प्रबंध लिहिताना आमचा एकदाच वाद झाला. मुठीची गोष्ट लिहावी, असा त्यांचा आग्रह होता. मी म्हणालो, "मॅडम, तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हसतील. पदवी अडली तर शाळेत काय सांगू?"

"हसू द्या. तुमच्या मागनं येणारा बोलका माणूस पुन्हा पाच येळा फसंल, त्याचं काय?"

मी एक पूर्ण पान लिहिले. परीक्षक खरोखर हसले. मग त्यांनी ते पान पुन्हा वाचले आणि दोन नळ्यांचा तक्ता काढायला सांगितला. उरलेला वेळ प्रश्न त्याच तक्त्यावर चालले. मॅडम कोपऱ्यात बसून माझ्या हातांकडे बघत होत्या. पदवी मिळाली.

मॅडम निवृत्तीनंतर आटपाडीला राहायला गेल्या आणि गेल्या वर्षी हृदयविकाराने वारल्या. त्याच्या महिनाभर आधी त्यांचा फोन आला होता. मी शाळेतून नुकताच घरी पोचलो होतो.

"सर, आपल्या प्रयोगशाळेत नवी पोरगी आलीय. लय बोलती. तुमच्यावानी."

"मग?"

"म्या फोनवरनंच तिला तुमचं पान आधी वाचाया लावलं. नळी बर्फात ठिवली आन मग बोलत बसली. पयल्याच खेपंला पाव्हण्याला कुणी हटकलं न्हाई."