न्यूयॉर्कच्या बदल्यात मिळालेली शेजारीण

लॉकडाउनमध्ये नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या आमच्या गल्लीत कुणी पाव भाजत होतं, कुणी जिगसॉ लावत होतं. मी किस्से जमवले. तेही सगळे एकाच बाईचे, शेजारच्या इंद्राआंटींचे! आता सांगायला बसले की कुठून सुरू करू तेच कळत नाही. आणि आधीच सांगून टाकते, मी जळते त्यांच्यावर. अजूनही.

*

आंटी सुरिनामच्या. "म्हणजे आफ्रिकेत ना?" असं मी पहिल्याच दिवशी विचारून बसले.

"दक्षिण अमेरिकेत, बेटी. ब्राझीलच्या डोक्यावर."

पूर्वी डचांची वसाहत, म्हणून कारभार डचमध्ये. उसाच्या मळ्यांवर राबायला यांचे पूर्वज बिहारकडून बोटीनं गेले, म्हणून घरात सरनामी, म्हणजे भोजपुरीची बहीणच. आणि बाकी देशभर नुसतं जंगल!

"आमच्याकडे माणसं थोडी, म्हणून झाडं टिकली," असं वर मला ऐकवलं. मी पुण्याची. रस्ते रुंद करायला झाडं पाडणाऱ्या गावची!

*

मी इथल्या विद्यापीठात वनस्पतींवर संशोधन करते. लॅब बंद होती, म्हणून मागच्या अंगणात कारली लावली. महिन्याभरात वेल गेला. कुंपणापलीकडे आंटींच्या काचघरात मात्र कारली, भेंडी, हातभर लांब चवळीच्या शेंगा!

शेवटी लाज सोडून विचारलं, "आंटी, खत कुठलं घालता हो?"

"तू झाडांवर पेपर लिहितेस, बेटी. मी पाणी घालते."

वर चार कारली हातात दिली. मी ती रागारागानं तळली. छान झाली, मेली!

*

एकदा समोरचे डच आजोबा दीड मीटर अंतर राखून म्हणाले, "सुरिनाम फारच लहान देश, नाही का?"

आंटींनी मान ताठ केली. "तुमच्या पूर्वजांनी तहात इंग्रजांना न्यूयॉर्क देऊन टाकलं आणि आम्हाला ठेवून घेतलं. त्यांना किंमत कळत होती!"

माझी नऊ वर्षांची मीरा टाळ्या पिटायला लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, पुण्याच्या बदल्यात कुणी काय दिलं होतं?"

*

सुरिनाममध्ये पुरुष गाणारा पक्षी पाळतात. पिंजरा हातात घेऊन चक्क फिरायला जातात, आणि रविवारी मैदानात स्पर्धा, कुणाचा पक्षी जास्त गातो! आंटींचे भाऊ तिकडून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आपल्या पक्ष्याला गायला लावायचे.

नेमक्या त्याच वेळी कोथरूडहून माझ्या आईचा कॉल. विमानं बंद, नातीला बघायचं तर एवढंच साधन. स्क्रीनला हात हलवून मीरा जी कुंपणाकडे पळायची ती गायब.

"कोण आलंय गं तिकडे?" आईनं विचारलं.

"पक्षी आहे, आई."

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "मी पोपट आणू का?"

मला हसूही आलं आणि आंटींचा रागही आला. त्यांचा काय दोष होता? काही नाही. तरी आला.

*

मी मराठीत विचारणार, मीरा डचमध्ये उत्तर देणार, हे घरात ठरलेलं; डच न येणाऱ्या बाबाशी इंग्रजी. एका सकाळी पोहे पुढे ठेवले. पोरगी ताटली सरकवून म्हणाली, "हम ना खाब!"

सरनामी! माझी मराठी नऊ वर्षांत तोंडी आली नाही आणि शेजारणीची भाषा चार महिन्यांत तोंडात? तेव्हा मी खरीच घाबरले. पोर हातची चालली, असं वाटलं. नितीन, माझा नवरा, लॅपटॉपमागून म्हणाला, "अगं, निदान 'नको' तरी भारतीय भाषेत म्हणाली!"

*

इथल्या शाळांत प्रत्येक मुलाला वर्गापुढे एका विषयावर बोलावं लागतं. मी पुण्यावर वीस स्लाइड्स करून ठेवल्या होत्या. मीरानं विषय निवडला सुरिनाम! मी चिडले, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही.

शाळा ऑनलाइन होती. मीरा लॅपटॉपपुढे, नितीन आणि मी कॅमेऱ्याबाहेर जमिनीवर. किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी अवाढव्य कासवं झाली, राजधानीत शेजारी शेजारी उभी असलेली मशीद आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ झालं, बोटीनं गेलेली सरनामीही झाली. पोरगी झकास बोलत होती.

मग वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "इतक्या पिढ्या झाल्या, तरी तुझ्या शेजारच्या आजीला ती भाषा येते?"

"येते. मलाही थोडी शिकवली."

"आणि तुझ्या आईची भाषा?"

"समजते सगळी."

"मग बोलत का नाहीस?"

मीरानं जरा विचार केला. "शेजारची आजी माझ्याशी बोलते. आई माझ्या चुका काढते."

सगळं डचमध्ये चाललं होतं आणि नितीनला डच येत नाही. तो माझ्या कानाशी वाकला. "काय म्हणाली गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "नकाशा दाखवतेय."