बोकड्या

करंजाड्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर प्रेमलाताईंच्या मिरचीच्या पाच कुंड्या होत्या. बी सासूबाईंचं, मुक्ताबाईंचं, कोरेगावकडच्या रानातलं. मिरची बुटकी, बुडाशी जाड. जिभेवर आधी गोडसर लागायची आणि मग असा चटका द्यायची की माणूस पाण्याकडे धावे. गुडघे गेल्यावर मुक्ताबाईंनी रान सोडलं आणि डब्यात उरलं होतं तेवढं बी सुनेच्या ओटीत घातलं. म्हणजे ती मिरची आता या गच्चीवर होती, बाकी कुठेच नव्हती.

आणि तिची पानं वळायला लागली. आधी शेंडा आखडला, मग पानं कडांनी वर उचलून वाटीसारखी झाली, कळ्या गळाल्या. प्रेमलाताईंनी राख टाकली, ताक शिंपडलं, मीठ-मोहरीने दृष्ट काढली. देवापुढे निरांजन लावताना रोज मिरचीचं नाव घेतलं. काही फरक नाही. शेवटी फोटो काढून सासूबाईंना पाठवला. तिकडून त्यांचा बोललेला निरोप आला, अर्धा वाऱ्यात उडालेला:

"आगं, ह्यो तर बोकड्या! म्हसोबाच्या रानात बी असाच आल्ता. बोकड्यापुढं कुनाचं काय चालत न्हाई बग..."

यजमान शहाजीराव वाशीच्या मार्केटातून पोती वाहून नुकतेच आले होते. हातातला चहा तसाच राहिला.

"ऐकलंस? म्हसोबा बोकड मागतोय. आज्यानं नवस बोललेला, तो फेडायचा राहिलाय. आमी लहान होतो तेव्हा घरात हाच विषय असायचा."

"अहो, मिरचीसाठी बोकड?"

"देवाला कारण लागतं व्हय?"

प्रेमलाताईंच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडं येत नाही, तिथे बोकड! "नारळावर नाही का भागणार?"

"नारळाला चार पाय असतात का?"

सासूबाईंना फोन करून विचारावं, तर धीर होईना. त्या 'हो' म्हणाल्या तर पुढे काय?

दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर तशाच उभ्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरची संघमित्रा तिच्या टोमॅटोला पाणी घालायला आली. मूळची जालन्याची, पनवेलला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. प्रेमलाताईंनी चाचरत तिलाच विचारलं, "तुमच्याकडे बोकडाचा नवस नारळावर फिटतो का गं?"

सगळं ऐकून ती हसता हसता खालीच बसली. "ताई, बोकड्या म्हणजे रोग! आमच्याकडे टोमॅटोलापण म्हणतात. वाचला तुमचा बोकड!"

तिने एक पान अलगद उलटवलं. खालून पांढरी धूळ भुर्रकन उडाली. धूळ कसली, इवल्याशा माशा. पांढरी माशी. संघमित्राने पिशवीतलं भिंग दिलं, तशा प्रेमलाताई वाकल्या त्या वाकल्याच.

"ही आजारी झाडाचा रस पिते. त्याबरोबर विषाणू तिच्या पोटात, पोटातून लाळेत. मग जन्मभर ज्या झाडावर बसेल, त्याला वाटत जाते."

"आणि तिला स्वतःला काही होत नाही?"

"तिचं बरं चाललेलं असतं."

"म्हणजे करून सवरून नामानिराळी! आपल्या हाताने पसरतो का?"

"नाही. मातीतून नाही, वाऱ्याने नाही. माशीच लागते."

"दिसतो कसा?"

"साध्या भिंगातून दिसत नाही. मोठ्या यंत्रातून पाहिलं, तर दोन कण एकमेकांना चिकटलेले. जुळे."

"जुळे!" देवाने एवढ्याशा जिवालाही एकटं पाठवलं नाही, याचं त्यांना मोठं नवल वाटलं. "मग औषध काय?"

संघमित्राने हातातलं पान सोडलं. "झाडाला औषध नाही, ताई. उपटायचं. माझेही टोमॅटो वळलेत, तेही जाणार. कोणाकडून कोणाकडे आला, कोण सांगणार?"

"उपटलं की ही मिरची संपली गं."

मधल्या कुंडीत तीन मिरच्या धरल्या होत्या, अजून हिरव्या. "बियांतून तो सहसा जात नाही म्हणतात," संघमित्रा म्हणाली. "पण मी शब्द देणार नाही."

तेवढ्यावर प्रेमलाताईंनी ठरवलं. शहाजीरावांचं जुनं मलमलचं धोतर काढलं आणि मधल्या झाडाला गाठोड्यासारखं बांधलं, माशी ना आत ना बाहेर. उरलेल्या चारांवर, संघमित्राने सांगितलं तसं, आधी पिशवी घातली आणि मग उपटलं, म्हणजे माशा शेजारच्या कुंड्यांवर उडणार नाहीत. उपटण्याआधी प्रत्येकीला हळदकुंकू लावलं.

"रोग्याला कुंकू?" शहाजीराव म्हणाले.

"निरोप देतेय. तुम्ही पिशवी धरा."

मिरच्या लाल झाल्या, सुकल्या. ते झाडही गेलं. बी खिडकीत, ताज्या मातीत, मलमलीखालीच पेरलं. अंकुर आले, पण पहिली दोन पानं सपाटच असतात, ती काही खरी नव्हेत, हे प्रेमलाताईंना आता ठाऊक होतं. त्या पुढच्या पानांची वाट पाहत राहिल्या. शहाजीराव कामाला निघताना रोज वाकून विचारायचे, "वळलं का गं?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच चपला घालायचे.

एका सकाळी रोपं बोटभर झालेली दिसली. प्रेमलाताईंनी मलमल थोडी बाजूला केली. वरचं पान उघडं, सपाट, तेलकट हिरवं. त्याच्या खालचंही. त्याच्याही खालचं. मग त्यांनी भिंग घेतलं आणि श्वास धरून एकेक पान उलटवलं.

खाली कोणी नव्हतं.